रासबेरीचे फुटवे

आमच्या अंगणात रासबेरी लागली होती असं सोलापुरात कुणाला सांगितलं, की माणूस आधी माझ्या तोंडाकडे बघतो आणि मग आभाळाकडे. मे महिन्यात इथे रस्त्याचं डांबर चपलेला चिकटतं, नळाला पाणी चार-चार दिवसांनी येतं, आणि हा म्हणतो रासबेरी. पण लागली होती. पाच रोपं होती. पहिल्या उन्हाळ्यात त्यांना फळ आलं आणि पुढच्या वर्षभरात माझ्या वडिलांनी ती स्वतःच्या हातांनी मारली. मी बघत होतो. थांबवता येत होतं, थांबवलं नाही. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे कुणी मला भला माणूस समजायला नको.

वडिलांना आम्ही अण्णा म्हणतो. टेंभुर्णीच्या अलीकडे आमचं गाव, तिथे त्यांची द्राक्षबाग होती. आसपासच्या गावांत अण्णांचं नाव होतं ते छाटणीसाठी. द्राक्षाची छाटणी वर्षातून दोनदा, एप्रिलला आणि ऑक्टोबरला, आणि दोन्ही वेळेला लोक गाडी घेऊन त्यांना न्यायला यायचे. अण्णा वेलीसमोर उभे राहायचे, जरा बघायचे आणि कात्री चालवायचे. कोणती काडी ठेवायची, किती डोळे, म्हणजे कोंब फुटायच्या गाठी, राखून तोडायची, याला त्यांना विचार करावा लागत नसे. हात होताच तसा, ते मी नाकारत नाही. पण 'माझं चुकलं' हे शब्द त्या माणसाच्या तोंडून मी कधी ऐकले नव्हते. गारा पडल्या तर आभाळ चुकलं, घड कमी लागले तर खतवाला चुकला, आई आजारी पडली तर आईच चुकली.

आम्ही दोघे भाऊ. मोठा म्हणजे अण्णांच्या लेखी खोड आणि मी फुटवा. हा माझा शब्द नाही, त्यांचाच. द्राक्षवेलीच्या बुडातून, जमिनीलगत, जे कोंब निघतात त्यांना फुटवे म्हणतात. त्यांना फळ येत नाही, नुसतं वेलीचं अन्न खातात, म्हणून दिसला फुटवा की मोडायचा. मी एकोणीस वर्षांचा असताना एका ओळीची छाटणी स्वतःच्या अकलेनं केली. शाबासकी मिळेल असं वाटलं होतं, इतका मी बावळट. अण्णांनी ओळ पाहिली. मोडलेल्या फुटव्यांचा भारा बांधायला लावला, तो माझ्या डोक्यावर ठेवला आणि छाटणीच्या गड्यांना हाक मारून म्हणाले, "बघा रं, फुटव्याच्या डोक्यावर फुटवं." सगळे गडी हसले. मोठा भाऊही हसला. मला तो भारा सगळ्या बागेतून बांधापर्यंत न्यायला लावला. हिरव्या कोंबांचा चीक मानेवरून पाठीत उतरत होता. त्याच महिन्यात अण्णांनी मला सोलापूरला नोकरी शोधायला पाठवलं आणि बाग भावाच्या हाती दिली.

मला नोकरी लागली, सरकारी कचेरीत. होटगी रस्त्याच्या बाजूला छोटं घर बांधलं. बागेवर मी कधी हक्क सांगितला नाही. मला एकच गोष्ट हवी होती. अण्णांनी एकदा, चारचौघांत, माझ्याकडे बघून म्हणावं, माझं चुकलं. बस. पस्तीस वर्षं मी त्या दोन शब्दांवर मांजरासारखा टपून होतो.

मग भावानं बाग मोडली. उजनीचं पाणी आलेलं, ऊस परवडतो, द्राक्षाची कटकट कोण करणार, असा त्याचा हिशेब. जेसीबीनं दोन दिवसांत वेली उपटल्या. अण्णा दोन्ही दिवस बांधावर बसून होते म्हणे. तिसऱ्या दिवशी एसटीनं माझ्या दारात आले. हातात एक पिशवी, पिशवीत दोन धोतरं आणि फडक्यात गुंडाळलेली छाटणीची कात्री. आई जाऊन तेव्हा चार वर्षं झाली होती. पहिल्याच रात्री जेवताना मी म्हणालो, "शेवटी खोडानंच बाग उपटली की हो, अण्णा." ते घास चावत राहिले. बायकोनं माझ्याकडे असं पाहिलं की ताटावरून उठावं. मी उठलो नाही. मला भूक चांगली लागली होती.

बायको शाळेत शिक्षिका आहे. त्या दिवाळीच्या सुट्टीत आम्ही दोघं महाबळेश्वरला गेलो होतो आणि तिथून येताना तिनं रासबेरीची पाच रोपं घेतली. तिला लहानपणापासून हौस, सहलीत एकदा खाल्ली होती म्हणे. नर्सरीवाला चांगला माणूस होता. त्यानं समजावून सांगितलं आणि बायकोनं ते शाळेतल्या फळ्यावर लिहावं तशा अक्षरात एका चिठ्ठीवर उतरवून घेतलं. 'फळ येऊन गेलेली काठी वाळते. ती बुडातून कापा. बुडातून येणारे नवे कोंब जपा. पुढच्या उन्हाळ्यात फळ त्यांनाच येतं.' ही चिठ्ठी तिनं माझ्याकडे ठेवायला दिली. मी ती पाकिटात ठेवली. तेव्हा माझ्या मनात काही नव्हतं, देवाशपथ.

रोपं पूर्वेच्या भिंतीलगत, लिंबाच्या सावलीत लावली. अण्णांनी दुसऱ्याच दिवशी सगळं ताब्यात घेतलं. वर हिरवी जाळी बांधायला लावली, बुडाशी उसाचं पाचट अंथरलं, बांबू रोवून आडवी तार ओढली आणि पाचही रोपांच्या काठ्या सुतळीनं तारेला बांधल्या. त्या काठ्यांना बारीक काटे असतात, अण्णांच्या बोटांना ते लागत नसावेत. डाळ-तांदूळ धुतलेलं पाणी बायको बाजूला ठेवायची, ते अण्णा तांब्यानं मोजून घालायचे. पाणी येण्याच्या दिवशी पहाटे उठून बॅरल आधी झाडांसाठी भरायचे, मग घरासाठी. इतके दिवस भिंतीकडे तोंड करून पडून राहणारा म्हातारा कामाला लागला. मला वाटलं होतं तेवढा आनंद मला झाला नाही.

मे महिन्यात फळ आलं. आधी लाल, मग जांभळं-काळं. पिकलं की बोट लावताच हातात येतं आणि आत पोकळ असतं. सगळी मिळून दोन वाट्या भरली असतील. बायको इतकी खूश झाली की शाळेतल्या मैत्रिणींच्या घरी जाऊन एकेकीला एकेक दिलं. अण्णांनी एक तोंडात टाकलं. "आंबट हाय," ते म्हणाले. "बी लई हाय. पर हितल्या उनात धरलं म्हंजे झाड इमानी हाय." त्यानंतर आठ दिवस येणाऱ्या-जाणाऱ्याला धरून झाडं दाखवत होते.

मग जून लागला आणि झाडांच्या बुडातून नवे कोंब निघाले. चांगले बोटाएवढे जाड, अंगावर पांढरी पावडर धरलेले. एका रविवारी मी पायरीवर पेपर वाचत बसलो होतो. अण्णा उकिडवे बसले, पाचट बाजूला केलं, पहिला कोंब मुठीत धरला आणि बुडातून मोडला. कट्ट असा आवाज झाला. मग दुसरा. द्राक्षाच्या माणसाला कुणी न सांगता जे कळतं तेच ते करत होते. बुडातला फुटवा, दिसला की मोडायचा. कात्री लावायची नाही, कात्रीनं परत फुटतो, हातानं मुळासकट ओढायचा.

चिठ्ठी माझ्या पाकिटात होती. मी पेपर खाली ठेवला आणि मला लख्ख कळलं, पुढे काय होणार ते. फळ धरणाऱ्या काठ्या हे मोडणार, मरणाऱ्या काठ्या हे जपणार, आणि एक दिवस कात्रीवर जन्म काढलेल्या या माणसाला सगळ्यांसमोर कबूल करावं लागणार. मला काही करायचं नव्हतं. फक्त गप्प बसायचं होतं.

तेवढ्यात बायको आतून आली. "अहो, अण्णा नवे कोंब काढतायत," ती म्हणाली. मग अण्णांनाच सांगायला लागली, "अण्णा, तो नर्सरीवाला काय म्हणाला होता..."

"तू अण्णांना शिकवणार?" मी मध्येच म्हणालो. "अख्ख्या तालुक्याच्या बागा त्यांच्या हाताखालून गेल्यात. नर्सरीवाल्याला काय कळतंय?"

अण्णांनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं. पस्तीस वर्षांत मी त्यांच्या हाताबद्दल चांगला शब्द काढला नव्हता. त्यांचे डोळे भरून आले, खरंच आले. "व्हय," ते बायकोला म्हणाले, "तू काळजी करू नगं पोरी, झाड माज्याशी बोलतंय." त्या दिवशी त्यांनी एक भाकरी जास्त खाल्ली आणि शेंगाची चटणी दोनदा मागून घेतली.

आत गेल्यावर बायको म्हणाली, "तुम्ही हे बरं करत नाही आहात." मी म्हणालो, "तू मध्ये पडू नकोस. माझ्या बापाचं आणि माझं आहे." माझा राग तिला ठाऊक आहे. ती पडली नाही मध्ये. पण त्या दिवसापासून तिनं त्या झाडांकडे बघणं सोडलं, तांदळाचं पाणी मोरीत ओतायला लागली.

पावसाळाभर दर आठवड्याला अण्णांनी कोंब मोडले. मोडलेले कोंब ते कचऱ्यात टाकायचे आणि मी ते उचलून गच्चीवर नेऊन ठेवायचो. वाळले की सुतळीनं बांधायचो. वेडेपणा म्हणा, पण कचेरीतून आल्यावर मी आधी गच्चीवर जायचो, भारा केवढा झाला ते बघायला. खोटं कशाला सांगू, मजा येत होती.

पावसाळा संपेपर्यंत जुन्या काठ्यांची पानं पिवळी पडून गळून गेली. अण्णा म्हणाले, "इसावा घेतायत." थंडीत काठ्या तपकिरी झाल्या. नखानं साल खरवडून बघायचे, आत हिरवं नसायचं. मग बुडाशी माती उकरून मुळं पाहिली, ती जिवंत होती, त्यामुळे त्यांचा जीव आणखीच टांगणीला लागला. नळाच्या पाण्यात औषध असतंय म्हणून बॅरलमधलं पाणी दोन दिवस उन्हात ठेवून घालायला लागले. मोरचूद आणि चुन्याचा लेप कालवून प्रत्येक काठीला बोटानं लावला. एकदा तर मला म्हणाले, "तुज्या कचेरीत शेतीखात्याचं कोन आसंल तर इचार की. माजं काय ध्यानात यीना." अण्णा मला विचारत होते. मी म्हणालो, "तुम्हाला नाही कळलं तर शेतीखात्याला काय कळणार?" ते हसले बिचारे. पाठ वळवून परत झाडाकडे गेले.

त्या क्षणी सांगायला हवं होतं. विचारलंच होतं त्यांनी. अजून त्यांच्या हाती दोन-तीन कोंब लागले असते. पण घरात दोघांत ऐकलेलं मला नको होतं, मला चारचौघं हवे होते.

ते मिळाले एप्रिलमध्ये. अण्णांना ऐंशी पूर्ण झाली, म्हणून बायकोनं घरीच ओवाळायचं ठरवलं. आमच्याकडे ऐंशी दिव्यांनी ओवाळतात. भाऊ-भावजय आले, गावाकडून अण्णांच्या हाताखाली छाटणी केलेले तिघे म्हातारे गडी आले, त्यांतले दोघे तर त्या दिवशी हसणाऱ्यांतलेच. कणकेचे दिवे लावून ओवाळणं झालं, आमरस-पोळीची जेवणं झाली. अण्णा नवं धोतर नेसून, कपाळाला कुंकू-अक्षता लावून अंगणात लिंबाखाली खुर्चीवर बसले होते. भाऊ चूळ भरायला भिंतीकडे गेला आणि तिथूनच म्हणाला, "अण्णा, ह्या वाळक्या काटक्या कशाला बांधून ठिवल्यात?"

"वाळक्या न्हाईत त्या," अण्णा म्हणाले. "उनाळ्यात फुटतील."

"उनाळाच चालू हाय की."

गडी हसले. मला पस्तीस वर्षांपूर्वीचं तेच हसू ऐकू आलं. मी पाकिटातून चिठ्ठी काढली आणि भावाच्या हातात दिली. "वाच," मी म्हणालो. "मोठ्यानं वाच."

भावानं वाचली. त्याला पहिल्यांदा अर्थ लागला नाही, दुसऱ्यांदा वाचताना आवाज खाली आला. गडी एकमेकांकडे बघायला लागले. छाटणीची माणसं ती, त्यांना लगेच कळलं. मी गच्चीवर गेलो, भारा घेऊन आलो आणि अण्णांसमोर उभा राहिलो.

"डोक्यावर नाही ठेवत," मी म्हणालो. "वय झालं तुमचं. मांडीवर ठेवतो."

नव्या धोतराला काटे अडकले. बायको दारातच उभी होती, तिनं पदर तोंडाला लावला. अण्णांनी भाऱ्यातून एक काडी ओढून काढली. ती डोळ्यांजवळ नेली, मोतीबिंदूनं त्यांना नीट दिसत नव्हतं, म्हणून अंगठ्यानं काडीवरचा एकेक डोळा चाचपला. "डोळं चांगलं हुतं," ते म्हणाले. मग विचारलं, "तुला कवा कळलं?"

"रोपं आणली तेव्हाच."

"आन वरीसभर माज्या शेजारी हुबा राहून बघत हुतास?"

"हो."

त्यांनी मान हलवली. धोतराच्या सोग्याखाली सदऱ्याचा खिसा होता, त्यात कात्री असायचीच, ओवाळायला बसतानाही होती. ती काढून त्यांनी माझ्यापुढे धरली. "घे," ते म्हणाले. "तुजा हात माज्यापरास साफ हाय."

कुणी हसलं नाही. मी कात्री घेतली. एवढ्यावर थांबलो असतो तरी निदान काहीतरी उरलं असतं. पण मला माझे दोन शब्द हवे होते. "अजून काही म्हणायचं राहिलं असेल तर म्हणा," मी म्हणालो.

अण्णांनी भारा खाली सारला, खुर्चीचे हात धरून उठले. ऐंशी वर्षांचा बाप, कपाळाला कुंकू, माझ्यापुढे उभा राहिला आणि त्यानं मला हात जोडले. "माजं चुकलं," ते म्हणाले.

भाऊ संध्याकाळच्या गाडीची वाट न बघता गड्यांना घेऊन निघून गेला. मी अंगणातल्या खुर्च्या आत घेतल्या. मला वाटलं होतं छातीवरचं काहीतरी उतरेल. काही उतरलं नाही. आमरस जास्त झाल्यासारखं पोट जड झालं होतं, एवढंच.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहा पिताना अण्णांच्या कपातून थेंबभर चहा बशीबाहेर सांडला. "माजं चुकलं," ते म्हणाले. मला वाटलं टोमणा मारतायत. दुपारी चप्पल दारात आडवी राहिली, तर बायकोला म्हणाले, "माजं चुकलं." दूधवाला हाक मारून थांबला आणि यांना उठायला उशीर झाला, तर दूधवाल्याला. मोरीतला नळ ठिबकत राहिला, चुकलं. खोकला आला, चुकलं. आठ दिवसांत घरात दुसरा शब्द उरला नाही. मुद्दाम म्हणतात की खरंच आतून मोडलेत, मला आजवर कळलेलं नाही. मुद्दाम असावं अशी मी देवाजवळ प्रार्थना करतो. मी एकदा ओरडलो, "अण्णा, पुरे करा आता." त्यांनी लगेच हात जोडले. बायको म्हणाली, "मागून घेतलंत ना? आता ऐका." ती फार बोलत नाही, पण जे बोलते ते जागेवर बसतं.

त्या जूनमध्ये बॅरलमागे, भिंतीच्या फटीजवळ, एक कोंब निघाला. मुळं जिवंतच होती. मी बॅरल सरकवलं, चिठ्ठीत लिहिल्याप्रमाणे सगळं केलं. वाळलेल्या काठ्या अण्णांच्याच कात्रीनं बुडातून कापल्या. कोंबाला पाचट घातलं, तार दिली. मला अण्णांसारखं बांधता येत नाही, माझ्या गाठी सुटतात. अण्णा पायरीवर बसून बघायचे. मी मुद्दाम विचारायचो, "अण्णा, हितनं बांधू का वरनं?" ते म्हणायचे, "मला काय कळतंय त्यातलं." हे मात्र टोमणा मारून नाही, साध्या आवाजात.

गेल्या मे महिन्यात त्या एका काठीला फळ आलं. पहिल्या दिवशी पाच पिकली. मी ती वाटीत घेऊन अण्णांकडे गेलो. बायकोलाही दिली नव्हती, आधी त्यांनाच. ते खाटेवर बसले होते. "अण्णा, रासबेरी," मी म्हणालो. "घ्या."

"खाऊ?" त्यांनी विचारलं.

"तुमच्यासाठीच आणलीत."

त्यांची बोटं आता थरथरतात. छाटणीला दिवसदिवसभर न चुकलेली ती बोटं. त्यांनी एक फळ उचललं, तोंडापर्यंत नेलं आणि ते निसटून फरशीवर पडलं. पांढऱ्या फरशीवर जांभळा डाग पडला. अण्णा घाईघाईनं खाली वाकायला लागले, सदऱ्याच्या बाहीनं पुसायला. मी त्यांचा दंड धरला.

"माजं चुकलं," ते म्हणाले.

मी वाटी बाजूला ठेवली आणि त्यांच्या पायाशी बसलो. "अण्णा, असं नका म्हणू," मी म्हणालो. "पाया पडतो तुमच्या. परत म्हणू नका."

"बरं," ते म्हणाले, आणि डागाकडे बघत राहिले. "चुकलं."